चिनीचा तास आणि चार आक्षेप

एखाद्या शाळेने सहावीपासून चिनी भाषा शिकवण्याचा विचार बोलून दाखवला की पालकसभेचा सूर पालटतो. जर्मन चालते, कारण पुढे जर्मनीत शिकायला जाता येते. जपानीचे पुण्यात कौतुकच आहे. फ्रेंचला दहावीत गुण पडतात, म्हणून तिच्याबद्दल कोणी प्रश्नही विचारत नाही. चिनीचे नाव निघाले की मात्र भुवया उंचावतात. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले, त्यानंतर या नाराजीला धार आली. त्याच वर्षी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झाले. आदल्या वर्षीच्या मसुद्यात परदेशी भाषांच्या उदाहरणांत चिनीचा उल्लेख होता; अंतिम धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन अशी आठ नावे उरली. 'चिनी शाळेत नको' हे मत तेव्हापासून शिष्टसंमत झाले आहे. ते मत चुकीचे आहे, हे या लेखाचे प्रतिपादन. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मांडायचे आणि मग ते पाडल्याचा आनंद मानायचा, यात काही पुरुषार्थ नाही. म्हणून ते त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. पहिला आक्षेप असा : सीमेवर जो देश आपल्याशी भिडतो, त्याची भाषा आपल्या मुलांच्या वेळापत्रकात सन्मानाने बसवणे हे औचित्याला धरून नाही. दुसरा : चिनी भाषेबरोबर चिनी सत्तेचा प्रचार येतो, कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटचा जगभरचा अनुभव हेच सांगतो. तिसरा : ही भाषा इतकी अवघड आहे की आधीच तीन भाषांच्या ओझ्याखाली असलेल्या मुलाच्या हाती वर्षानुवर्षांच्या कष्टांनंतरही काही लागत नाही. चौथा : एवढे करून उपयोग काय? चिनी कंपन्यांचा भरवसा नाही, आणि भाषांतर तर मोबाइल करतो. हे चारही आक्षेप मूर्खपणाचे नाहीत. प्रत्येकात तथ्याचा अंश आहे. पण त्या अंशातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

पहिला आक्षेप भावनेचा आहे, आणि ती भावना आदरणीय आहे. पण शत्रूची भाषा शिकू नये हा नियम महाराष्ट्राने कधी पाळला? मराठी राज्यात फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस हा अधिकारी असे. दिल्लीशी झुंज चालू असताना दिल्लीच्या दरबारची भाषा जाणणारा माणूस पदरी ठेवणे कोणाला कमीपणाचे वाटले नाही. यावर कोणी म्हणेल की शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्द हटवण्यासाठीच. अगदी बरोबर. पण फारसी शब्दाला नेमका संस्कृत प्रतिशब्द शोधायचा, तर फारसी जाणणारा पंडित लागलाच ना? एखाद्या भाषेचे वर्चस्व नाकारणे वेगळे आणि तिचे ज्ञान नाकारणे वेगळे. पहिले स्वाभिमानाचे लक्षण आहे. दुसरे केवळ गैरसोयीचे.

दुसरा दाखला याहून जवळचा आहे. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात जी शाळा काढली, तिचे नावच 'न्यू इंग्लिश स्कूल' होते. पुढच्याच वर्षी 'केसरी'बरोबर 'मराठा' हे इंग्रजी पत्र निघाले. राज्यकर्त्यांशी लढायचे तर त्यांची भाषा त्यांच्याइतकीच नेमकी लिहिता आली पाहिजे, हे या मंडळींनी ओळखले होते. त्यांच्या देशभक्तीला प्रमाणपत्र देण्याची आपली पात्रता आहे काय?

बाहेरच्या जगातही हेच दिसते. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक आकाशात गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि रशियन, चिनी यांसारख्या भाषांच्या अध्यापनासाठी सरकारी पैसा उभा केला. शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियन भाषा वर्गातून हाकलावी, असे तिथल्या धोरणकर्त्यांना सुचले नाही. आपल्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली दिल्लीची परदेशी भाषांची संस्थाही चिनी शिकवते. यावर प्रतिपक्ष म्हणतो, सैन्याने आणि परराष्ट्र खात्याने शिकावे, शाळेतल्या पोरांना कशाला? उत्तर सरळ आहे : बाविसाव्या वर्षी पहिले अक्षर गिरवणारा अधिकारी आणि अकराव्या वर्षी ते गिरवलेला अधिकारी यांत दशकाचे अंतर असते. विजय गोखले यांच्यासारखा चिनी जाणणारा मराठी माणूस बीजिंगमध्ये राजदूत आणि पुढे देशाचा परराष्ट्र सचिव झाला, याचा आपण अभिमान बाळगतो. मग असे आणखी दहा जण तयार होण्याची वाट शाळेच्या दारातच का अडवायची?

राहिला धोरणाचा मुद्दा. धोरणात आठ भाषांची नावे 'यांसारख्या' या शब्दासह उदाहरणे म्हणून आली आहेत. उदाहरणांच्या यादीत नाव नसणे म्हणजे मनाई नव्हे; कायद्याचा कोणताही विद्यार्थी हे सांगेल. शिवाय चिनी ही एकट्या बीजिंगची मालमत्ता नाही. तैवानचा सारा व्यवहार तिच्यात चालतो. सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांत ती आहे, आणि त्या चारांत तमिळही आहे.

शेवटी काळाचा हिशेब करू. २०२० मध्ये भारत-चीन थेट विमानसेवा थांबली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. जून २०२० मध्ये सहावीत बसलेले मूल तोवर दहावी उत्तीर्ण होऊन शाळेबाहेर पडले होते. राजनैतिक तापमान पाच वर्षांत चढते आणि उतरते. भाषा यायला त्याहून जास्त काळ लागतो. शाळेचा अभ्यासक्रम सीमेवरच्या हवामानावर बेतायचा ठरवला, तर तो कायम एक पिढी उशिराच पोहोचेल.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्यातले वास्तव मी नाकारत नाही. कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट, म्हणजे परदेशांत चिनी शिकवणाऱ्या संस्था, चिनी सरकारच्या पैशावर चालत आल्या. शिक्षक तिकडचे, पुस्तके तिकडची. तिबेट, तैवान, तिआनानमेन हे विषय तिथे कसे टाळले जातात, यावर विद्यापीठांत वादळे उठली. शिकागो विद्यापीठाने २०१४ मध्ये या संस्थेशी असलेला करार पुढे चालू ठेवला नाही. स्वीडनने आपल्याकडच्या सर्व इन्स्टिट्यूट बंद केल्या. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१९ मध्ये सरकारी शाळांतले कन्फ्यूशियस वर्ग बंद करण्याचा निर्णय घेतला. भारत सरकारनेही २०२० मध्ये अशा करारांचा फेरआढावा घेण्याचे जाहीर केले. हे सारे खरे आहे.

पण या दाखल्यांचा दुसरा अर्धा भाग प्रतिपक्ष सांगत नाही. शिकागोने चिनी भाषा शिकवणे थांबवले का? नाही. न्यू साउथ वेल्सच्या मुलांचा चिनीचा तास रद्द झाला का? नाही, राज्याने तो स्वतःच्या खर्चाने पुढे चालवायचे ठरवले. म्हणजे ज्यांनी प्रचाराचा धोका सर्वांत आधी ओळखला, त्यांनी बाहेरून आलेली संस्था काढली आणि भाषा ठेवली. पुरावा म्हणून आणलेले हेच साक्षीदार माझ्या बाजूने बोलतात.

यातून निघणारा खरा धडा पगाराचा आहे. शिक्षकाला पगार कोण देतो, पुस्तक कोण निवडतो, आणि करार मोडला तर वर्गाचे काय होते? हा धडा केवळ चिनीपुरताही नाही. केंद्रीय विद्यालयांत जर्मनीच्या मॅक्स म्युलर भवनाशी झालेल्या २०११ च्या करारावर तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकवली जात होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्ष निम्म्याहून अधिक सरल्यावर, ती व्यवस्था रद्द झाली आणि हजारो मुलांना अचानक संस्कृतकडे वळावे लागले. जर्मनी तर आपला मित्र. तरीही परक्या संस्थेच्या करारावर उभारलेला अभ्यासक्रम वर्षाच्या मध्येच कोसळला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१२ मध्ये चिनी शिकवण्यासाठी कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटच्या मुख्यालयाशी करार केला, तेव्हा तीच चूक झाली : आपले शिक्षक घडवण्याआधी बाहेरून शिक्षक मागवण्याची घाई. दोष भाषेचा नाही. दोष उसनवारीचा आहे.

आणि प्रचाराला सर्वांत सहज कोण बळी पडतो? ज्याला मूळ मजकूर वाचता येत नाही तो. चिनी वृत्तपत्र काय म्हणते हे ज्याला तिसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, त्याला त्या तिसऱ्यावर विश्वास ठेवण्याशिवाय पर्याय नसतो. भाषा येणे हाच प्रचारावरचा पहिला उतारा आहे.

तिसरा आक्षेप अवघडपणाचा. येथे नेहमी एक आकडा फेकला जातो : अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेच्या अनुभवानुसार चिनीत कामापुरते प्रावीण्य मिळवायला सुमारे २२०० तास लागतात. आकडा खरा आहे. पण तो कोणाचा? इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढ अधिकाऱ्यांचा. मराठी मुलाला तो जसाच्या तसा लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून तो बसत नाही अशी तक्रार करणे.

मराठी मुलाचा कान तपासून पाहा. चिनीत अल्पप्राण आणि महाप्राण यांचा भेद पायाभूत आहे : प आणि फ, त आणि थ, क आणि ख. इंग्रजी बोलणाऱ्याला हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो. आपले मूल तो बाराखडीत शिकून आलेले असते. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च वेगळा उच्चारण्याची मराठीची खोड इतर भाषिकांना बुचकळ्यात टाकते. चिनीत या दोहोंच्या अगदी जवळचे दोन स्वतंत्र वर्ण आहेत. आता वाक्यरचना पाहा. 'मी काल घेतलेले पुस्तक' ही रचना इंग्रजीत पार उलटी होते. चिनीत 'मी', 'काल', 'घेतलेले', 'पुस्तक' हाच क्रम राहतो. आधी काळ, मग स्थळ, मग क्रिया, हा आपला नेहमीचा क्रमही तिथे तसाच. प्रश्न विचारताना आपण वाक्याच्या शेवटी 'का' लावतो. चिनीही शेवटी एक प्रश्नार्थक अव्यय जोडते. कर्माची जागा मात्र वेगळी आहे, ती शिकावी लागते. क्रियापद पुरुष, वचन, काळ यांनुसार बदलत नाही. नामाला लिंग नाही. तीन लिंगांची जर्मन ज्यांना सोपी वाटते, त्यांनी चिनीच्या व्याकरणाला घाबरावे, हा विनोद आहे.

मग अवघड काय आहे? दोन गोष्टी, आणि त्या मी लपवणार नाही. एक, सूर. प्रमाण चिनीत चार सूर आहेत. सूर चुकला की शब्द बदलतो. हे कानाचे काम आहे आणि लहान कान ते प्रौढापेक्षा बरे करतो. दोन, लिपी. चीन सरकारच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८१०५ अक्षरे आहेत, त्यांतली ३५०० नित्य वापराची. पण ही ३५०० अक्षरे शिकायला खुद्द चिनी मूल शाळेची नऊ वर्षे घेते. आपल्या मुलाकडून ती कोण मागते आहे? शिवाय ही अक्षरे निव्वळ पाठांतराचा ढीग नाहीत. बहुसंख्य अक्षरांत एक अंग अर्थ सुचवते आणि दुसरे उच्चार. नदी, सरोवर, समुद्र, अश्रू, धुणे या साऱ्यांच्या डाव्या अंगाला पाण्याचे तेच तीन थेंब असतात. पहिली शंभर अक्षरे कष्टाची. पुढची दोनशे ओळखीची वाटू लागतात.

चौथा आक्षेप उपयोगाचा, आणि येथे मला चिनीच्या समर्थकांशीही भांडायचे आहे. 'मँडरिन शिका, उज्ज्वल करिअर घडवा' अशी माहितीपत्रके छापणाऱ्यांनीच या आक्षेपाला बळ दिले. जून २०२० मध्ये ग्रेट वॉल मोटर्सने तळेगावच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. काही दिवसांतच तो स्थगित झाला आणि शेवटी तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. त्या नोकऱ्यांच्या भरवशावर मुलाला चिनीच्या वर्गात बसवणारा पालक फसलाच असता. नोकरीचे आश्वासन हा शाळेचा युक्तिवादच नव्हे. सातवीतल्या मुलाला बीजगणित शिकवताना आपण कोणत्या कंपनीचे नाव सांगतो?

तरीही उपयोग नाही म्हणणे हा उलट्या बाजूचा अतिरेक आहे. २०२४-२५ मध्ये भारत-चीन व्यापार सुमारे १२८ अब्ज डॉलरचा होता आणि त्यात आपली तूट जवळपास ९९ अब्ज डॉलरची. औषधांचा कच्चा माल, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, यंत्रे. आपण विकतो त्याहून कितीतरी अधिक विकत घेतो. या सौद्यात एका पक्षाला इंग्रजी येते आणि दुसऱ्याला चिनी येत नाही. तोटा कोणाचा? मोबाइलचे भाषांतर दिलेला मजकूर उलगडते. समोरचा कोणत्या शब्दाला अडखळला, कोणता विषय त्याने हसून टाळला, हे ते सांगत नाही.

पण उपयोगाचा खरा मुद्दा बाजारात नाही. तो आपल्या इतिहासात आहे, आणि प्रतिपक्षाने त्याचा विचारच केलेला नाही. सातव्या शतकातल्या महाराष्ट्राचे, पुलकेशी दुसऱ्याच्या राज्याचे, मदतीला धावणाऱ्या आणि अपमानाचा सूड घेणाऱ्या आपल्या पूर्वजांचे प्रत्यक्षदर्शी वर्णन कोणत्या भाषेत आहे? चिनीत. ते चिनी प्रवासी ह्युएन त्संगने लिहिले. आपल्या शालेय इतिहासात ते आपण मोठ्या अभिमानाने शिकवतो, पण भाषांतराच्या भाषांतरावरून. बौद्ध कवी अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'चे अठ्ठावीस सर्ग; संस्कृतात त्यांतला साधारण निम्माच भाग उरला. पूर्ण काव्य वाचायचे तर चिनी किंवा तिबेटी अनुवादाकडे जावे लागते. भारतात जे हरवले ते चिनीने जपले. आणि २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या बौद्धांपैकी सुमारे ७७ टक्के, म्हणजे ६५ लाखांहून अधिक, महाराष्ट्रात आहेत. स्वतःच्या धर्मग्रंथांचे मूळ धागेदोरे शोधण्याचा हक्क त्या घरांतल्या मुलांना आहे की नाही?

चिनी अभ्यासण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पु. वि. बापट यांनी पाली ग्रंथ चिनी अनुवादांशी ताडून पाहिले. विनयावरच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांवरच्या, एका टीकेचा चिनी पाठ त्यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्यासह इंग्रजीत आणला आणि तो १९७० मध्ये भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. बौद्ध विद्येचे अभ्यासक वा. वि. गोखले यांचे काम चिनी आणि तिबेटी साधनांवर उभे आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धाच्या धामधुमीत चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. अवघडपणाची सबब त्यांनी सांगितली नाही.

खंडन झाले, आता मंडन. चिनी जरूर आणा, पण कशी? माझ्या अटी प्रतिपक्षाच्या अटींहून कडक आहेत.

पहिली अट मराठीची. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे. चिनी तिच्या जागी येऊ नये, आणि भारतीय भाषेचा तास कापूनही येऊ नये. ती ऐच्छिक आणि जादा असावी. सहावीआधी सुरू करू नये, कारण चिनी उच्चार लिहिण्याच्या रोमन पद्धतीत क्यू, एक्स, सी यांचे उच्चार इंग्रजीहून पार वेगळे आहेत. इंग्रजीचे स्पेलिंग पक्के होण्याआधी मूल दोन्हीकडे गोंधळेल.

दुसरी अट शिक्षकाची. शिक्षक शाळेच्या पगारावर असावेत आणि किमान दोन असावेत, म्हणजे एकाच्या राजीनाम्याने वर्ग बंद पडणार नाही. चिनी बोलता येणे आणि चिनी शिकवता येणे यांतला फरक मुलाखतीत तपासावा.

तिसरी अट तासांची, आणि येथे साधे गणित करावे. आठवड्याला चाळीस मिनिटांच्या दोन तासिका, वर्षाचे पस्तीस आठवडे, सहावी ते दहावी अशी पाच वर्षे : एकूण सुमारे २३३ तास. मघाच्या २२०० तासांचा हा जेमतेम दहावा हिस्सा. मराठी मुलाच्या सोयी जमेस धरूनही यातून अस्खलित चिनी येणार नाही, हे पालकांना पहिल्याच सभेत लेखी सांगावे. पक्का पाया, काहीशे शब्द, शुद्ध सूर आणि पुढे शिकण्याची वाट, एवढे मिळेल. त्यासाठीही आठवड्यातून एकदा लांबलचक तास नको. छोट्या तासिका चार दिवसांत विभागाव्यात, कारण सूर आणि अक्षरे रोजच्या सरावाने टिकतात.

चौथी अट पुस्तकांची. चीनमध्ये छापलेल्या पुस्तकातला प्रत्येक नकाशा शिक्षकाने वर्गात जाण्याआधी पाहावा. तिथले अधिकृत नकाशे अरुणाचल प्रदेश स्वतःचा दाखवतात आणि भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणे आपल्याकडे गुन्हा आहे. मुख्य भूमीची सुलभ लिपी शिकवावी, पण तैवानची जुनी लिपीही मुलांना दाखवावी. चिनीचे जग एका राजधानीत संपत नाही, हे त्यांना त्यातून कळेल. परीक्षेतही बीजिंगच्या परीक्षेला तैवानची परीक्षा हा पर्याय आहे.

पाचवी अट सातत्याची. सहावीत बसवलेल्या तुकडीला दहावीपर्यंत नेण्याची लेखी हमी शाळेने द्यावी. ती देता येत नसेल, तर वर्ग सुरूच करू नये.

चारही आक्षेप आता वाचकांसमोर आहेत आणि त्यांची उत्तरेही. देशभक्तीचा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. प्रचाराचा आक्षेप संस्थेला लागू पडतो, भाषेला नाही. अवघडपणाचा आक्षेप दुसऱ्याच्या मातृभाषेवरून उसना घेतलेला आहे. निरुपयोगाचा आक्षेप केवळ माहितीपत्रकांना उत्तर देतो. शाळेने चिनीला नाही म्हणावे असे एकच कारण उरते : चांगला शिक्षक नाही. ते कारण मला मान्य आहे. पण त्या कारणाने गणितही बंद करावे लागेल, आणि ते करायला कोणीही पालक तयार होणार नाही. मग शिक्षक घडवण्याचे काम टाळायला चीनचे नाव पुढे करू नका.